माळढोक: अभयारण्याची रेषा आणि शेतांचे बांध

सोलापूर - सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या दोन जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. संपूर्ण सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची व्याप्ती कळते. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे या तालुक्यांतील गावेच्या गावे, त्यांतील शेते, विहिरी, रस्ते आणि बाजारपेठा कागदोपत्री एका पक्ष्याच्या नावे झाल्या. २०१०च्या दशकाच्या आरंभी हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. म्हणजे मूळच्या एकसप्तमांश. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, तो पक्षी नान्नजच्या माळावर आता क्वचित एखाद-दुसरा दिसतो, आणि दिसला की वृत्तपत्रांत त्याची बातमी होते.

अभयारण्य फार मोठे होते, ही शेतकऱ्यांची तक्रार. ते फार लहान केले, ही पक्षिमित्रांची. गेली चार दशके हा वाद क्षेत्रफळाभोवतीच फिरत राहिला. त्या क्षेत्राच्या आत वन विभागाचे गवताळ तुकडे, गावांची गायराने आणि हजारो खासगी शेते यांचा एकमेकांशी मेळ कोणी घालायचा, तो घालण्यासाठी कोणाला काय द्यायचे आणि कोणाकडून काय घ्यायचे, याचा निर्णय मात्र कधी झाला नाही. माळढोकाचे जे झाले, त्याची मुळे या न झालेल्या निर्णयात अधिक खोल गेलेली आहेत.

माळढोक हा जंगलाचा पक्षी नाही. उभा राहिल्यावर सुमारे एक मीटर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि सुमारे २७ दिवस ते उबवते. कोल्हा, लांडगा, कुत्रा दुरून दिसावा म्हणून तिला आखूड गवताचा मोकळा माळ लागतो. पावसाळ्यातील विणीचा काळ असा गवतात जातो. पण चारा-पाण्यासाठी हा पक्षी आसपासच्या शेतांत सतत वावरतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे हे त्याचे खाद्य. वीण उरकली की तो दूरवर पांगतो, आणि पांगतो तो बहुतांशी खासगी जमिनीवर. थोडक्यात, त्याचे घर एका खातेदाराच्या हद्दीत मावणारे नाही. गवताचा तुकडा कितीही चांगला राखला, तरी त्याला लागून असलेली दोनशे शेते एकाच वेळी बदलली की तो तुकडा बेट होऊन बसतो.

सोलापूरची जुनी शेती या पक्ष्याला मानवणारी होती, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. हा रब्बीचा पट्टा. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. म्हणून काळ्या जमिनी पावसाळाभर पड ठेवायच्या, कुळवाच्या पाळ्या देऊन ओल धरायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई पेरायची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. हलक्या, मुरमाड जमिनींवर बाजरी, मटकी, हुलगा. परिणामी जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमक्या विणीच्या दिवसांत, गवताळ माळाला लागून मैलोन्‌मैल उघडी जमीन असे. शेतकरी पाऊस साठवत होता. माळढोकाला त्यातून मोकळे रान मिळत होते. कोणी कोणाशी करार केलेला नव्हता. हवामानाने, मातीने आणि गरिबीने तो मेळ आपोआप घातला होता.

दुष्काळाची देणगी

नान्नजचा माळ हीदेखील अशीच एक अनपेक्षित देणगी. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यात पडीक जमिनींचे तुकडे घेऊन त्यांवर चर खोदले गेले, गवत आणि झाडे लावली गेली, चराईबंदी झाली. हेतू मृदसंधारणाचा आणि चाऱ्याचा होता. गवत वाढले आणि माळढोक तेथे विणीसाठी टिकले. सोलापुरातील पक्षिनिरीक्षकांनी या पक्ष्यांकडे लक्ष वेधले. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रकल्पात डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नज येथे दीर्घकाळ अभ्यास केला. नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी, कारंबा ही नावे त्यामुळे देशभरच्या पक्षितज्ज्ञांच्या नकाशावर आली.

हे तुकडे लहान आणि विखुरलेले होते, आजही आहेत. अभयारण्याच्या हजारो चौरस किलोमीटरच्या तुलनेत ते नगण्यच. त्यांचेही व्यवस्थापन नेहमी माळढोकाच्या कलाने झाले असे नाही. वृक्षलागवड हे पुण्यकर्म आणि गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत आपल्या प्रशासनात खोलवर रुजलेली आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेशांचा मोठा भाग याच सदरात पडतो. त्यामुळे या माळांवरही गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली, आणि मोकळेपणा हाच ज्या माळाचा गुण तो झाकोळला गेला. पुढे गिरिपुष्प काढण्याचे काम खुद्द वन विभागालाच हाती घ्यावे लागले. संपूर्ण चराईबंदीचेही तसेच. गवत छातीइतके वाढले तर ते माळढोकाला निरुपयोगी. मेंढरांची बेताची, ठरवून दिलेली चराई त्याला उपकारकच ठरते. धनगर आणि वन विभाग यांच्यात या बाबतीत सहमती होण्यासारखी होती. प्रत्यक्षात दोघांचे संबंध बहुतेक काळ चोर-शिपायाचेच राहिले.

कायद्याचे कलम आणि खरेदीखत

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या २० व्या कलमानुसार अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर वारसाहक्क किंवा मृत्युपत्र याखेरीज अन्य मार्गाने नवा हक्क संपादन करता येत नाही. राखीव जंगलात या तरतुदीने कोणाचे फारसे बिघडत नाही. सात तालुक्यांच्या शेतजमिनीवर ती लागू झाली, तेव्हा तिचा अर्थ पार बदलला. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे, विहिरीसाठी शेजाऱ्याची पट्टी घ्यायची, रस्त्याकडेचा तुकडा बिगरशेती करायचा, अशा साध्या व्यवहारांवर अनिश्चिततेचे सावट आले. हक्कांची चौकशी करून त्यांचा निपटारा करणे ही जिल्हाधिकाऱ्यांची पुढची पायरी. ती वर्षानुवर्षे रेंगाळली. रस्ते, कालवे, खाणपट्टे, उद्योग यांच्या परवानग्या अडल्या.

याउलट, ज्या गोष्टींनी माळढोकाचे खरे नुकसान होत होते, त्यांना या कायद्याने हातही लावला नाही. शेतकऱ्याने ज्वारी मोडून ऊस लावला, तर अभयारण्याचा कायदा त्याला अडवत नव्हता. अडवावा असे कोणी म्हणणारही नाही. बांधावरचे गवत तणनाशकाने जाळले, माळ नांगरला, द्राक्षबागेचे मांडव उभारले, विजेच्या तारा ओढल्या, हे सारे चालू राहिले. जमीन विकता येत नव्हती, पण तिचे रूप मात्र हवे तसे पालटता येत होते. संरक्षणाचे इतके उफराटे हत्यार क्वचितच दुसरीकडे सापडेल.

आणि रूप पालटलेच. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे कालवे, उपसा योजना आणि पाठोपाठ विंधनविहिरी यांनी सोलापूर जिल्ह्याची शेती बदलून टाकली. आज हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. नान्नजचे नाव देशभरात जेवढे माळढोकामुळे झाले, तेवढेच द्राक्षांमुळेही. यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या बापाने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्याने पाणी आल्यावर पड जमीन पडच ठेवावी, अशी अपेक्षा शहरातील माणसानेच करावी. शिवाय उसाला केंद्र सरकारने ठरवून दिलेला दर कायद्याने बांधलेला आहे, कारखाना दारात येऊन ऊस तोडून नेतो, ठिबकला अनुदान आहे. ज्वारीच्या हमीभावाची खरेदी तितकी खात्रीची नाही. एका खात्याचे धोरण मोकळे रान मिटवण्यास उत्तेजन देते आणि दुसरे खाते त्याच रानात मोकळ्या जागेच्या पक्ष्याचे अभयारण्य चालवते. दोघांची गाठ पडण्याची सोय व्यवस्थेत नाही.

उसाचे पीक माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि जवळजवळ वर्षभर उभे राहते. दूरचे पाहून जगणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ती भिंतच. अशा भिंतींच्या मधोमध राखलेला गवताचा तुकडा कितीही हिरवा दिसला, तरी माळढोकाच्या लेखी तो कोंडवाडा ठरतो.

मेळ न घातल्याचा फटका शेतकऱ्यालाही बसला, आणि तो असमान बसला. संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली. गवताच्या तुकड्याला लागून ज्याचे शेत आहे, त्याच्या ज्वारीच्या कोवळ्या पानांवर आणि हरभऱ्यावर कळप उतरतात; तीन-चार मैल दूर असलेल्या बागायतदाराला त्याची झळ नाही. नुकसान झाले की पंचनामा, अर्ज आणि मग भरपाई, अशी राज्य सरकारची पद्धत आहे. भरपाई तुटपुंजी की पुरेशी हा वाद बाजूला ठेवला, तरी तिचे स्वरूपच नुकसानीनंतरचे आहे. आपले शेत पावसाळ्यात मोकळे ठेवल्याबद्दल, उसाऐवजी बुटके पीक घेतल्याबद्दल, बांध न जाळल्याबद्दल या पट्ट्यातील शेतकऱ्याला आजवर रुपयाही देण्याची सोय नव्हती आणि नाही. वन्यजीव त्याच्या दारात फक्त नुकसान म्हणून येतो. अशा स्थितीत त्याला माळढोकाविषयी आपुलकी वाटावी, ही अपेक्षा व्याख्यानात ठीक आहे.

करेऱ्याचा अनुभव

सोलापूरचे उदाहरण एकटे नाही. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ मध्ये माळढोकासाठी सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. तेही बहुतांशी गावांवर आणि शेतांवर. जमीन विक्रीवरील निर्बंधांनी गावकरी चिडले, सुरुवातीला जो पक्षी गावाचा पाहुणा होता तो डोकेदुखी झाला, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. पक्षी गेल्यावरही निर्बंध राहिले. अखेर ते अभयारण्यच रद्द करावे, यासाठी प्रस्ताव पाठवण्याची वेळ आली. धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे तणमोरासाठी १९८३ मध्ये केलेल्या ३४८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यातही गावांची तक्रार तीच. याच राज्याने रतलाम जिल्ह्यातील सैलाना परिसरात मात्र वेगळा मार्ग अवलंबला. तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि आपल्या शेतात त्याला सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची योजना तेथे २००५च्या सुमारास सुरू झाली. पक्षी शेतात आला तर लपवायचा नाही, कळवायचा, एवढा फरक त्या छोट्याशा रकमेने पडला. अर्थात बक्षीस एकट्या शेतकऱ्याला मिळते. शेजारच्या दहा शेतांचे काय करायचे, हा प्रश्न त्यातूनही सुटत नाही.

हाच प्रश्न सोडवण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न नेदरलँड्‌समध्ये झाला आहे. तो देश सोलापूरशी कोणत्याच बाबतीत जुळत नाही; तेथे पाण्याची टंचाई नसून पाणी उपसून जमीन कोरडी ठेवण्याची चिंता असते. तरीही त्यांची अडचण ओळखीची आहे. काळ्या शेपटीचा पाणटिवळा हा पक्षी तेथील दुग्धव्यवसायाच्या कुरणांत जमिनीवर घरटे करतो. (याच जातीचे, पण आशियातून येणारे थवे हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर उतरतात.) कुरणांची कापणी लवकर होऊ लागली, यंत्रे वेगवान झाली आणि अंडी-पिल्ले पात्यांखाली येऊ लागली. म्हणून १९८०च्या दशकापासून सरकारने एकेका शेतकऱ्याशी करार केले: कापणी जूनच्या मध्यापर्यंत लांबवा, मोबदला घ्या. २००१ मध्ये डेव्हिड क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकात या करारांचा लेखाजोखा मांडला, तो धक्कादायक होता. करार असलेल्या शेतांत पक्ष्यांची विविधता वाढलेली दिसली नाही. काही सर्वसाधारण पाणपक्षी तर तेथे उलट कमी दिसले.

त्यामागची कारणे शोधता शोधता एक गोष्ट स्पष्ट होत गेली. पाणटिवळ्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले की घरटे सोडून चालू लागते, कीटकांच्या शोधात शेतामागून शेत ओलांडते. एका शेतात कापणी थांबलेली असेल आणि शेजारची तीन शेते त्याच आठवड्यात कापली गेली असतील, तर करार कागदावर पाळला जातो आणि पिल्लू मरते.

२०१६ पासून नेदरलँड्‌सने एकेकट्या शेतकऱ्याशी करार करणे थांबवले. देशभरात शेतकऱ्यांच्या ४० सामूहिक संस्था स्थापन झाल्या. प्रांतिक सरकार संस्थेशी एक करार करते: एवढ्या परिसरात, या पक्ष्यांसाठी, अशा प्रकारचा अधिवास इतका हवा. कोणत्या शेतात काय करायचे, कोणी आधी कापायचे, कोणी नंतर, पाण्याची पातळी कोठे वाढवायची, हे संस्था आपल्या सभासदांशी बोलून ठरवते आणि मोबदला वाटते. हंगामाच्या मध्येच एखाद्या शेतात पिल्ले असल्याचे स्वयंसेवकाने कळवले, तर त्या शेतकऱ्याशी ऐनवेळी करार करून कापणी पुढे ढकलण्याचीही सोय आहे. सरकारी कचेरीला हे कधीच जमले नसते. ज्याला गावातील कोणाचे कोणाशी पटते हे ठाऊक आहे, त्यालाच ते जमते.

यातून पाणटिवळा वाचला, असे म्हणता येत नाही. त्याची घसरण थांबलेली नाही. माजी मंत्री पीटर विन्सेमियस यांनी २०२० मध्ये मांडलेल्या आराखड्यात याच कारणाने सुमारे १,००० हेक्टरचे सलग पट्टे निवडून तेथे पाणी, कापणी आणि शिकारी प्राणी या तिन्हींचा एकत्र विचार करावा, असे सुचवले गेले. सामूहिक संस्था आवश्यक आहेत, पण त्यांनी आपले प्रयत्न देशभर पातळ पसरले तर उपयोग नाही, हा त्याचा मथितार्थ. सोलापूरच्या ८,४९६ चौरस किलोमीटरनाही तो तंतोतंत लागू पडतो.

वगळलेल्या गावांचे काय?

अभयारण्यातून सुमारे ७,२०० चौरस किलोमीटर वगळले गेले, तेव्हा त्याकडे विकासाची सुटका किंवा निसर्गाची हार अशा दोनच चष्म्यांतून पाहिले गेले. त्याचा एक कायदेशीर परिणाम दुर्लक्षित राहिला. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' ही नवी संकल्पना आली. खासगी किंवा सामूहिक जमिनीचे मालक स्वेच्छेने पुढे आले, तर राज्य सरकार असे क्षेत्र जाहीर करू शकते. त्याचा कारभार ग्रामपंचायतीने सुचवलेले प्रतिनिधी आणि वन विभागाचा प्रतिनिधी यांची समिती पाहते. अट अशी की ती जमीन अभयारण्यात असता कामा नये. म्हणजे १९७९ च्या रेषेत जे शक्य नव्हते, ते रेषा मागे घेतल्यावर मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत येथील गावांना कायद्याने खुले झाले.

व्यवहारात ते सोपे नाही. देशातील बहुतेक समुदाय राखीव क्षेत्रे मेघालय आणि नागालँडमध्ये आहेत, जेथे जमिनीची मालकीच मुळात सामूहिक आहे. सोलापुरात एकेका गटाचे चार-चार हिस्सेदार आहेत आणि बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ दिवाणी न्यायालयात उभे राहतात. शिवाय जमिनीच्या वापरातील बदलासाठी समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता लागते, हे कलम वाचले की ज्यांनी तीस वर्षे खरेदीखतासाठी हेलपाटे घातले, ते 'राखीव' या शब्दानेच दचकतील. त्यांचे दचकणे रास्त आहे.

म्हणून सुरुवात निर्बंधाऐवजी मुदतीच्या करारापासून होणे अधिक शहाणपणाचे. नान्नज-मार्डी परिसरातील गवताळ तुकड्यांभोवतीच्या पाच-सहा गावांचा एकच आराखडा करता येईल. तुकड्यांना लागून असलेल्या शेतांत पाच-सात वर्षांसाठी पावसाळी पड आणि रब्बीची बुटकी पिके, त्याबद्दल एकरी ठरलेला मोबदला. ऊस आणि फळबागा त्यापलीकडे. दोन तुकड्यांना जोडणारी पट्टी सलग मोकळी राहील, हे गावाने मिळून पाहायचे; एखादा शेतकरी तयार नसेल, तर पट्टी त्याला वळसा घालून कशी न्यायची, हेही गावानेच ठरवायचे. पैसे गावांच्या संयुक्त संस्थेकडे आणि पट्टी सलग राहिली तरच पूर्ण हप्ता, अशी अट असेल, तर शेजाऱ्याला समजावण्याचे काम वनरक्षकाला करावे लागणार नाही. गायरानांवरील चराईचे पाळीपत्रकही त्याच आराखड्यात यायला हवे. मेंढपाळांना बाहेर ठेवून माळ राखता येत नाही, एवढा धडा तरी गेल्या चाळीस वर्षांनी दिला आहे. विकेंद्रित पाणलोट कामांसाठी, सहकारी साखर कारखान्यांसाठी आणि पाणीवाटप संस्थांसाठी ज्या राज्याने गावोगाव सभासद जमवले, त्याला हे अशक्य आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहेच. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर आहे. तिच्या हाती निधी आला, तर ती कागदावरून उतरेल. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या प्रोत्साहनाची पुष्कळ भाषणे झाली. तेच प्रोत्साहन या पट्ट्यात आधी पोचवले असते, तर दोन कामे एका खर्चात साधली असती.

यात सर्वांत मोठी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. माळावरचे दावेदार वाढत आहेत. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा हाती घेतला, आणि उपकेंद्राजवळची गायराने व सरकारी पड जमिनी हीच त्यासाठी सोयीची जागा ठरली. शेतकऱ्याची दिवसा विजेची मागणी योग्यच आहे. पण कोणते गायरान सौरपटलांना द्यायचे आणि कोणते दोन गवताळ तुकड्यांमधला दुवा म्हणून सोडायचे, हा विचार गायरानागणिक सुटा सुटा होऊन चालणार नाही. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि वजनामुळे त्याला चटकन वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. राजस्थान-गुजरातमधील अशाच तारांवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सोलापूर त्या वादात नव्हते. पक्षीच उरले नसल्याने तेथील तारांचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

१९६९च्या सुमारास देशभरात माळढोकांची संख्या १,२६० च्या आसपास असल्याचा अंदाज होता. २०१८ पर्यंत ती दीडशेच्या घरात आली. २०११ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त यादीत टाकले. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचे हे यश मोठेच आहे. या पक्ष्यांच्या पुढच्या पिढ्या कधी तरी मोकळ्या सोडाव्या लागतील. त्या वेळी थरखेरीज आणखी कोठे, असा प्रश्न निघाला की सोलापूरचे नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. गवत आहे, काळवीट आणि लांडगा अजून आहेत, निरीक्षणाची चाळीस वर्षांची परंपरा आहे. मात्र सोडलेला पक्षी वन विभागाच्या तुकड्यात दोन-चार महिने थांबेल आणि मग शेतांत उतरेल. ती शेते कोणाची, त्यांत त्या हंगामात काय पेरलेले असेल आणि त्याबाबत त्या शेतकऱ्यांशी कोण बोलले असेल, याचे उत्तर द्यायला आज वन विभागाचा, कृषी विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा एकही अधिकारी बांधलेला नाही.